घंटेला खडीसाखर

आपल्या घरात विजेची घंटा असावी अशी हौस मला कधीच नव्हती. आमच्या आळीत वीजच नव्हती. तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसून वात लावली की आमचा उजेड झाला. मी बोटीच्या कचेरीत तिकिटं देणारा कारकून. मुंबईची बोट आली की भोंगा ऐकू येतो, तेवढा आवाज मला आयुष्याला पुरेसा होता. पण सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि घंटेशिवाय इलाज उरला नाही.

हे कळायला एक गोष्ट आधी सांगावी लागेल. सासूबाई माझ्याशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, मान होता म्हणून. जावयासमोर सासूने तोंड उघडू नये, असं त्यांना मंडणगडाकडे लहानपणी शिकवलेलं होतं, आणि यमुनाबाईंना एकदा शिकवलेलं पुसून काढायची सोय नव्हती. माझ्या बायकोच्या, म्हणजे गोदेच्या आजारपणात त्या शुश्रूषेला आल्या आणि राहिल्या. येताना स्वतःचा तांदूळ घेऊन आल्या, कारण लेकीच्या घरचं खायचं नाही हेही शिकवलेलं होतं. काही सांगायचं झालं तर दाराआडून सांगत, तेही मला नव्हे, गोदेला.

"गोदे, त्यांना सांग, पान वाढलंय."

मी पानापासून चार हातांवर उभा असे. गोदा अंथरुणातून मला सांगे, "पान वाढलंय." मी म्हणे, "आलो म्हणावं." गोदा आत सांगे, "येतायत." आमच्या कचेरीतसुद्धा कागद इतक्या टेबलांवरून फिरत नाही.

आषाढात गोदा गेली. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, मला ते जमत नाही. दिवसवार झाले, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, "गोदे, त्यांना सांग, पान वाढलंय." सवयीने आला. मग आत त्या गप्प, बाहेर मी गप्प. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

त्यानंतर त्यांनी मांजरीला सांगायला सुरुवात केली.

"मांजरे, आमटी निवतेय म्हणावं."

"मांजरे, हातपाय धुऊन आलोच म्हणावं."

मांजर कुणाला काही सांगत नसे. पण ती मध्ये बसलेली असे, आणि रिवाजाला तेवढं पुरत होतं.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आत काहीतरी आपटलं. मांजरीने पाडलं असेल, असं म्हणून मी पान उलटलं. बऱ्याच वेळाने शेजारच्या हौसाकाकू मागल्या दाराने विरजण मागायला आल्या आणि त्यांची बोंब ऐकून मी धावलो. सासूबाई न्हाणीच्या दगडावर पडलेल्या, पाय मुरगळून सुजलेला, पदर मात्र डोक्यावर नीट घेतलेला.

"अहो, पडलात तर हाक मारायची नाही का?" काकू ओरडल्या.

"कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना उठवायला वाकल्या.

ही बातमी मंडणगडला पोचायला वेळ लागला नाही. तिथे माझे मेहुणे महिपतराव यांचं दुकान आहे. त्यांचा निरोप आला: दिवाळी झाली की मी येतो आणि आईला घेऊन जातो. लेक गेली, आता जावयाच्या घरी तिने कशाला राहायचं? आणि पडली तर बघणारं कोण आहे?

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोक तेच म्हणत होते. दुसऱ्याला मात्र देता आलं असतं. मी अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करू लागलो, की त्या गेल्या तर घरात मी आणि मांजर. मांजरीशी मी बोलणार, पण कुणासाठी? आणि दुसरं एक छातीत रुतून बसलं. मंडणगडला जायचं तर बोटीने बाणकोट. म्हणजे त्यांचं तिकीट मला माझ्याच हाताने फाडावं लागणार.

तेव्हा ठरलं. त्या हाक मारणार नाहीत ना? मग हाक न मारता मला कळेल अशी काहीतरी सोय करायची, आणि ती महिपतराव यायच्या आत.

हौसाकाकू म्हणाल्या, "त्यात काय हो गंगारामभाऊ, गुराच्या गळ्यातली घंटा आणा. दोरी बांधा. दोरीचं टोक त्यांच्या उशाशी. ओढली की वाजली." मी घंटा आणली, दोरी बांधली, आढ्याच्या वाशांवरून ओटीपर्यंत नेली. त्या घंटेने मला पहाटेपासून इतक्या वेळा उठवलं की कचेरीत मी राजापूरच्या माणसाला जयगडचं तिकीट दिलं. दर वेळी धावत आत जावं, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडतायत आणि मांजर दोरीला लोंबकळतेय. दुसऱ्या दिवशी दोरीवरून उंदीर गेला आणि त्याच्यामागून मांजर. घंटा खाली आली ती माझ्या खांद्यावर. खांदा आजही पावसाळ्यात बोलतो.

मग मी हरिश्चंद्र मास्तरांकडे गेलो. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवत. मुंबईला कॉलेजात जाऊन आलेले, जाड चष्मा, आणि साधा प्रश्न विचारला तरी उत्तर सृष्टीच्या आरंभापासून. त्यांनी सगळं ऐकलं आणि टाळी वाजवली.

"विजेची घंटा!"

"मास्तर, आमच्या आळीत वीज नाही."

"वीज आपण तयार करू. तारखात्यात काय गावची वीज असते? बरणीत नवसागराचं पाणी, कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. त्यात जस्ताची कांडी. मधे मातीचा सच्छिद्र डबा, त्यात कोळशाची पट्टी. झाली बॅटरी. अशा तीन-चार जोडल्या की घंटा वाजते. बटण सासूबाईंच्या उशाशी, घंटा तुमच्या ओटीवर. गंगारामराव, हे शास्त्र आहे. याच्यावर मांजर लोंबकळत नाही."

शेवटच्या वाक्याने माझं मन वळलं. सामान मुंबईहून मागवलं.

आता इथे माझ्या मानाची गोष्ट येते, ती सांगायला मला आवडत नाही, पण वगळली तर पुढचं कळणार नाही. मी बंदरावर इतकी वर्षं काम केलेला माणूस. हमालांपासून होडीवाल्यांपर्यंत सगळे ओळखणारे. त्याच बंदरावर माझं पार्सल अडकलं. नवे फौजदार घाटावरून बदलून आलेले होते, आणि त्या दिवसांत पोलिसांना बाँबचीच स्वप्नं पडत. त्यांनी पेटी उघडली. आत काचेच्या बरण्या, जस्ताच्या कांड्या, काळी पावडर भरलेले मातीचे डबे, तारेची गुंडाळी आणि कागदात बांधलेले पांढरे खडे.

"हे काय आहे?" फौजदार म्हणाले.

"सासूबाईंसाठी आहे," मी म्हणालो.

ज्या माणसाने आयुष्यात कधी बाँब पाहिला नाही त्याने असं उत्तर द्यायचं नसतं, हे मला चौकीत बसवल्यावर कळलं. फौजदार टेबलापासून लांब उभे राहून प्रश्न विचारत होते. सासूबाईंशी वैर आहे का? नाही. बोलणं आहे? नाही. का नाही? मान म्हणून. हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि शिपायाकडे बघून मान हलवली.

शेवटी मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांनी फौजदारांना सृष्टीच्या आरंभापासून समजावलं. फौजदार म्हणाले, एवढं ऐकण्यापेक्षा वाजवून दाखवा. मग चौकीतच बरण्या मांडल्या, नवसागराचं पाणी भरलं, तारा जोडल्या. फौजदारांनी डोळे मिटून बटण दाबलं. ट्रर्रर्र!

फौजदार हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग हवालदाराने दाबलं. मग सगळ्या शिपायांनी एकेकदा दाबलं. सामान तपासासाठी ठेवून घ्यावं लागेल असं ठरलं, आणि तपास असा चालला की फौजदार आत बसून बटण दाबत आणि शिपाई बाहेरून चहा घेऊन येई. सामान परत मिळालं तेव्हा बटणाच्या आतली कमान सैल झाली होती. दाबलं की बटण वर यायला जरा कुरकुर करी. मी तक्रार केली नाही. ज्या खात्याने मला बाँबवाला ठरवलं होतं त्याच्याकडे बटणाची तक्रार न्यायची माझी छाती नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर घंटा घरी लागली. माजघरातल्या फळीवर बरण्या, सासूबाईंच्या उशाशी बटण, ओटीच्या खांबावर घंटा. हौसाकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ही तार वीज ओढून घेईल हो. आषाढात आभाळातली वीज सरळ उशाशी." मास्तरांनी त्यांना समजावलं. काकूंना पटलं नाही, पण दमल्या आणि घरी गेल्या.

मास्तर जाताना मला म्हणाले, "पाणी कमी झालं तर नवसागराचं पाणी घालायचं. बाकी बरण्यांना हात लावायचा नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. "मांजरे, फळीवरच्या बरण्यांना हात लावायचा नाही म्हणावं." मांजर समोर होती. सासूबाई मात्र तेव्हा मागल्या अंगणात वाल सोलत बसल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

घंटा होती, पण सासूबाई बटण दाबत नव्हत्या. घंटा वाजवून जावयाला बोलावणं म्हणजे हाकेपेक्षा वाईट. हाक माणसाला मारतात, घंटा शिपायाला. पहिल्या दिवशी एकदाच वाजली. मी पायातल्या वहाणांसकट आत धावलो. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"मांजरे, काही नाही. वाजते का बघितली."

"मांजरे, वाजते म्हणावं."

माझी काळजी वाढली. महिपतरावांसमोर त्या दाबतील ना? मी कचेरीत बसून बाणकोटच्या तिकिटांच्या गठ्ठ्याकडे बघत राही. तो गठ्ठा मी मुद्दाम खालच्या खणात ठेवला होता. लोक बाणकोटचं तिकीट मागत तेव्हा मला त्यांचा राग येई.

महिपतराव आले. पाय धुतले, ओटीवर बसले, चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आले. त्यांचं तसंच असतं. दुकानदार आहेत.

"भावोजी, उद्याच्या बोटीने आईला नेतो. तुमची काही चूक नाही. पण गोदा होती तोवर ठीक. आता तिने इथे राहायचं ते कुणाच्या नात्याने? आणि परत पडली तर?"

"पडल्या तर घंटा आहे," मी म्हणालो आणि खांबाकडे बोट केलं.

महिपतरावांनी घंटा बघितली. "वाजवून दाखवा."

"बटण आत आहे. सासूबाई दाबतील." मग मी दाराकडे बघून मोठ्याने म्हणालो, "मांजरे, बटण दाबायचं म्हणावं."

मांजर माझ्या मांडीवर होती. पण आतून बांगड्या वाजल्या, म्हणजे ऐकू गेलं होतं. मी घंटेकडे बघत बसलो. महिपतराव घंटेकडे बघत बसले. घंटा काही बोलली नाही.

"दाबलं का, आई?" महिपतराव ओरडले.

"दाबलं," आतून आवाज आला. मुलाशी बोलायला त्यांना हरकत नव्हती.

"जोरात दाब."

"दाबतेय रे बाबा! अंगठा दुखला."

घंटेने एकदा "टक्" केलं. मेलेल्या माणसाने उचकी द्यावी तसं. त्यानंतर तेही नाही.

"बरं," महिपतराव म्हणाले. "उद्याची तिकिटं फाडून ठेवा."

मी उठून मास्तरांकडे धावलो. वाटेत हौसाकाकूंनी विचारलं काय झालं, आणि मी सांगितल्यामुळे त्याही मागोमाग आल्या. मास्तर आले, तारा तपासल्या, घंटा उघडून आत फुंकर मारली, फळीजवळ स्टूल ठेवून वर चढले. बरण्या लखलखत होत्या. इतक्या स्वच्छ त्या मुंबईहून आल्या तेव्हाही नव्हत्या. बरण्यांच्या काठावर पांढरी खरपट चढायला लागली होती, ती आता कुठेच नव्हती. मातीचे डबेसुद्धा घासून पांढरेशुभ्र.

"कमाल आहे," मास्तर म्हणाले. "सगळं बरोबर आहे आणि वीज नाही. हे शास्त्राला धरून नाही."

हौसाकाकू खालून भिंतीकडे बघत होत्या. "मास्तर, मुंग्या वीज खातात काय हो?"

"काकू, तुम्ही जरा..."

"नाही, म्हणजे बघा ना."

भिंतीवरून मुंग्यांची रांग फळीवर चढत होती. एका बरणीच्या काठावरून आत उतरत होती. मास्तरांनी चष्मा सारखा केला, बरणीत बोट बुडवलं आणि, सायन्सच्या माणसाने करू नये ते केलं. बोट चाटलं.

"गोड," ते म्हणाले.

मास्तर स्टुलावर उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"खडीसाखर आहे ही! बरणीत खडीसाखर कुणी घातली?"

दाराआडच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तेव्हा मला कळलं. सगळंच कळलं. पोरगा येणार, आणि जावयाच्या घरात फळीवर खरपटलेल्या बरण्या बघून तो काय म्हणेल, म्हणून त्यांनी त्या घासल्या. आत काय भरायचं ते मला विचारता येत नव्हतं. मी पांढरे खडे घालताना त्यांनी पाहिलं होतं. देवापुढे खडीसाखर होतीच. शुभकामाला गोडच चालतं.

"मी घातली," मी म्हणालो.

"तुम्ही?" मास्तर म्हणाले. "मी एवढं समजावलं आणि तुम्ही?"

"नवसागर संपला होता. पांढरे खडे ते पांढरे खडे, असं वाटलं."

महिपतराव उभे राहिले. "भावोजी, रागावू नका. पण ज्याला खडीसाखर आणि नवसागर ओळखता येत नाही त्याच्या भरवशावर मी आईला ठेवू?"

मला नवसागर ओळखता येतो. लहानपणी कल्हईवाल्याजवळ बसून मी त्याचा धूर छातीत भरून घेतलेला आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मास्तरांना मात्र हीच वेळ वाटली. ते स्टुलावरून उतरले आणि वर्गात उभे राहतात तसे माजघराच्या मध्यभागी उभे राहिले.

"चूक झाली ती समजून घ्या. मीठ आणि साखर, दोन्ही पांढरी, दोन्ही खडे, दोन्ही पाण्यात दिसेनाशी होतात. पण आत जमीन-अस्मानाचा फरक. मिठाचं बघा. त्यात दोन प्रकारचे परमाणू. एक आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, दुसरा तो घेतो. देणाऱ्यावर धन भार, घेणाऱ्यावर ऋण भार. विरुद्ध भार म्हणून एकमेकांना ओढून धरतात. नवसागराचंही मूळ हेच. पाण्यात पडला की ते दोघे सुटतात आणि आपापला भार घेऊन हवे तिकडे जातात. ते चालले म्हणून वीज चालली."

"आणि साखर?" काकूंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"साखरेत देणं-घेणं नाही. तिथे शेजारचे दोन परमाणू इलेक्ट्रॉनची एक जोडी दोघांत मिळून सांभाळतात. कुणी दाता नाही, कुणी घेणारा नाही. ती पाण्यात विरघळते म्हणजे तिचे रेणू एकमेकांपासून लांब होतात, पण एकेक रेणू आतून अख्खाच राहतो. भार नाही, म्हणून वीज नाही. पाणी गोड होतं, एवढंच. तुम्हाला दाखवतो. तवा आणा."

"मास्तर, घंटा," मी म्हणालो.

"घंटेचंच चाललंय. तवा आणा."

दाराआडून तवा पुढे सरकला. मागोमाग मिठाची बरणी सरकली. मास्तरांनी शेगडीवर तवा ठेवून एका बाजूला मीठ टाकलं, दुसऱ्या बाजूला खडीसाखर. मीठ तडतडलं आणि होतं तसं राहिलं. "हे वितळायला लोहाराची भट्टी लागेल," मास्तर म्हणाले. साखर पाघळली, तांबडी झाली, काळी झाली, आणि घरभर धूर झाला. महिपतराव खोकत होते. हौसाकाकू म्हणाल्या, "अरे देवा, तवा गेला." मी धुरातून उद्याची बोट बघत होतो.

"आता समजलं?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"समजलं. वाजणार आहे का?"

"आत्ता." त्यांनी बरण्या मोरीत ओतल्या, स्वच्छ पाणी भरलं, मूठमूठ मीठ घालून ढवळलं. "नवसागर नसला तर मिठानेही काम चालतं. तत्त्व एकच." तारा जोडल्या.

आणि घंटा वाजली. कुणी बटण न दाबता वाजली. मघाशी सासूबाईंनी अंगठा दुखेपर्यंत दाबलेलं बटण फौजदारांच्या कृपेने आतच बसलं होतं. वाजली ती थांबेना. ट्रर्रर्र! तो आवाज मी सांगू शकत नाही. खांब थरथरत होता. मांजर कौलांवर गेली. मास्तर ओरडत होते, "बटण! बटण वर काढा!" महिपतराव कानावर हात ठेवून ओरडत होते, "काय म्हणता?" काकू रामरक्षा म्हणत होत्या, असं मला त्यांच्या ओठांवरून वाटलं. आळीतली माणसं अंगणात जमली. कुणीतरी विचारलं, आग लागली काय? धूर होताच. एक जण पाण्याची घागर घेऊन आत आला. मी मात्र जागच्या जागी उभा होतो. इतके दिवस ज्या घंटेसाठी मी झुरलो ती वाजत होती आणि मला काय करायचं तेच सुचेना.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई लंगडत बाहेर आल्या, सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून ओरडल्या:

"अहो, ती तार उपटा आधी! बघत काय उभे राहिलात?"

मी तार उपटली.

घंटा थांबली. सगळेच थांबले. घागरवाला घागर घेऊन तसाच उभा. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांचा हात पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"आता बोललेच आहे तर बोलते," त्या म्हणाल्या, अजून माझ्याकडेच बघून. "खोटं कशाला बोललात? साखर मी घातली. महिपता, ह्यांना नवसागर ओळखता येतो. मला येत नाही. आणि मी उद्या येत नाही."

"आई, लोक काय म्हणतील? गोदा नाही. तू जावयाच्या घरचं खातेस..."

"त्या माझं खात नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "तांदूळ त्यांचा असतो. मी त्यांचं खातो."

"त्यांचे मासे, त्यांचं तेल, त्यांचा नारळ," सासूबाई म्हणाल्या. "कोण कुणाचं खातंय ते मी हल्ली बघत नाही. महिपता, तू चांगला आहेस. पण तुझ्याकडे मी गोदेचं नाव काढलं की तू म्हणतोस, आई, झालं ते झालं. इथे तसं कुणी म्हणत नाही."

"अगं, ते तुझ्याशी बोलतच नाहीत, तर म्हणणार कसं?"

"आता बोलतील."

हरिश्चंद्र मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी बोट वर केलं आणि तोंड उघडलं. हौसाकाकूंनी त्यांचा दंड धरला. "मास्तर, तुम्ही घरी चला." आणि त्यांना घेऊन गेल्या. काकूंनी आजवर आळीत दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकच मला पूर्णपणे पटलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाणकोटचं एक तिकीट फाडलं. महिपतराव होडीत चढताना म्हणाले, "भावोजी, तिला सवय नाही बोलायची. जरा सांभाळून घ्या." मी म्हणालो, घेईन.

त्यांचा अंदाज चुकला. दुपारी मी घरी आलो तो सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. मी छत्री ओटीवर ओली ठेवतो. आंघोळीनंतर पंचा झटकत नाही. कोकमाचं सार पार निवेपर्यंत ढवळत बसतो. गोदेच्या लग्नात मी मुंडावळ्या वाकड्या बांधल्या होत्या आणि त्या सरळ करा हे मला कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना इतकी वर्षं वाईट वाटत होतं. मी सगळं ऐकून घेतलं. इतक्या वर्षांची थकलेली बाकी होती, एका जेवणात वसूल होणार नव्हती.

मग त्या दमल्या. गप्प बसल्या. गप्प बसलं की घरात काय येऊन बसतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला भीती वाटली, की आता पुन्हा तेच होणार. म्हणून मी सुचेल ते बोललो.

"लग्न नवं होतं तेव्हा आम्ही आरे-वारेच्या समुद्रावर गेलो होतो," मी म्हणालो. "बैलगाडीने. गोदा पाण्यात उतरली. मी नको म्हणत होतो. गुडघ्यापर्यंत म्हणाली आणि कमरेपर्यंत गेली. लाट आली ती डोक्यावरून. मला वाटलं, गेली. आणि ही उठली ती हसत. नाकातोंडात वाळू. मला म्हणाली, आईला सांगू नका हं, ती मला पुन्हा कुठे पाठवायची नाही. मी शब्द दिला. म्हणून कधी सांगितलं नाही."

सासूबाईंनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माहेरी आली तेव्हा पहिल्या दिवशीच सांगितलं तिने. आणि म्हणाली, मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. म्हणून मीही कधी बोलले नाही."

मी भात कालवला. त्यांनी त्यावर सार वाढलं.

"लाट केवढी होती हो?" त्यांनी विचारलं.

मी उष्टा हात वर करून दाखवली.

"तिने याच्या दुप्पट सांगितली होती," सासूबाई म्हणाल्या. "तीच खरी धरा."